वाचक विचारतात : सीमेचं काम नाशिकरोडलाही चालतं

प्रश्न : मी नाशिकमध्ये कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबा प्रेसमधून रिटायर झाले. मला सीमा सुरक्षेच्या तंत्रज्ञानात काम करायचंय, तेही सरकारात राहून. घरचे म्हणतात, त्यासाठी एक तर कलेक्टर हो, नाही तर मिलिटरीत जा. या क्षेत्रात वरपर्यंत पोचलेली माणसं सुरुवात कुठून करतात?
— एक विद्यार्थिनी, जेल रोड

उत्तर : आधी आजोबांशी बोल. देशाचा पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. १९२५ पासूनचा हा छापखाना. सीमा म्हटलं की तारेचं कुंपण आणि बंदूक डोळ्यांपुढे येते, पण विमानतळावरचा इमिग्रेशनचा काउंटर हीसुद्धा सीमाच आहे. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला समोरचा माणूस खरा की खोटा, हे काही क्षणांत ठरवायचं असतं. त्याच्या हातातलं पुस्तक आपल्या गावचं असतं.

आता माणसाबद्दल. प्रा. रजत मूना यांची वाटचाल नीट बघ. ते आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचं आरसी स्मार्ट कार्डावर आणायचं ठरलं, तेव्हा प्रश्न असा होता की एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात वाचता आलं नाही तर काय? एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात अडवली की सगळंच ठप्प. त्यावर उपाय म्हणून आयआयटी कानपूर आणि एनआयसी (केंद्र सरकारची संगणक संस्था) यांनी ‘स्कोस्टा’ हे देशी मानक तयार केलं. कार्ड कुणीही बनवावं, पण त्याच्या आतली भाषा एकच. या कामात मूना यांचा मोठा वाटा होता. पुढे भारतीय ई-पासपोर्टच्या, म्हणजे चिप बसवलेल्या पासपोर्टच्या, चिपमध्ये चालणाऱ्या प्रणालीतही. २०११ मध्ये ते सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे महासंचालक झाले, मग आयआयटी भिलाईचे पहिले संचालक आणि त्यानंतर आयआयटी गांधीनगरचे.

पदं मागाहून आली. आधी होतं ते मानक लिहिण्याचं काम. प्रत्येक शब्दावर बैठका घ्यायच्या, कंपन्यांचे आक्षेप ऐकायचे, मसुदा पुन्हा लिहायचा. या कामाचे फोटो पेपरात येत नाहीत. पण मानक आपलं असलं की सरकार एका विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जात नाही, आणि मला विचारशील तर सीमा सुरक्षेतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. मी आयुष्यभर सरकारी संगणक विभागात होते. यंत्र विकत घ्यायला सगळे उत्सुक असतात, नियम लिहायला बसणारा शोधून सापडत नाही. तू ती जागा धर.

धीर मात्र हवा. पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिला गेला. सामान्य नागरिकांसाठी नागपूरसह निवडक कार्यालयांत तो सुरू झाला २०२४ मध्ये.

एक गृहपाठ देते. घरातला कुणाचाही पासपोर्ट उघड. फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी आहेत, प्रत्येकीत ४४ अक्षरं, मधेमधे बाणाच्या टोकासारख्या खुणा. दुसऱ्या ओळीत जन्मतारीख सहा आकड्यांत दिसेल, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. समज, १२ एप्रिल १९८५, म्हणजे ८५०४१२. या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुण आणि बेरीज कर : ५६, १५, ०, २८, ३, २, एकूण १०४. दहाने भागून बाकी उरते ४. तारखेला लागून पुढचा आकडा ४ च असला पाहिजे. नसेल तर यंत्र तिथेच थांबतं.

ई-पासपोर्टमध्ये याच ओळीतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख वापरून चिप उघडण्याची किल्ली तयार होऊ शकते. म्हणजे पुस्तक उघडून दाखवल्याशिवाय खिशातली चिप कुणालाही वाचता येऊ नये, अशी सोय. आत फोटो आणि माहिती असते, आणि त्यावर सरकारची डिजिटल सही, लाखेच्या मोहोरेसारखी. फोटो बदलला की सही जुळत नाही.

तेव्हा क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याचं शास्त्र) आणि नेटवर्क हे विषय परीक्षेपुरते करू नकोस. गेट ही इंजिनीअरिंगची परीक्षा चांगल्या गुणांनी दे. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञ भरतीत तो गुणांक लागतो. एनआयसी आणि सी-डॅकच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. कलेक्टर होणं वाईट नाही, पण या कामाची ती एकच वाट नव्हे.

प्रश्न : मुलगा बीएसएफमध्ये आहे. सीमेवर कॅमेरे आणि सेन्सर बसले की जवानांची रात्रीची गस्त बंद होईल, असं ऐकते. खरं आहे का?
— एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, गस्त बंद होईल असं मी सांगणार नाही. पण तिचं रूप बदलतंय. आसाममध्ये धुबरीला ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. तिथली ६१ किलोमीटरची सीमा म्हणजे पाणी, वाळूची बेटं आणि दर पावसाळ्यात बदलणारे प्रवाह. कुंपण घालणार कुठे? मार्च २०१९ मध्ये तिथे ‘बोल्ड-क्विट’ ही यंत्रणा सुरू झाली. दिवसरात्र चालणारे कॅमेरे, घुसखोरीची सूचना देणारे सेन्सर, आणि चित्र थेट कंट्रोल रूममध्ये. हालचाल दिसली की शीघ्र कृती पथक निघतं. म्हणजे अंधारात नुसतं चालत राहण्याऐवजी नेमकं कुठे जायचं ते कळून जाणं. जवान लागतोच.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : हा प्रकल्प बीएसएफनेच हाती घेतला, कंपन्यांचं तांत्रिक साहाय्य घेऊन. ज्याला तिथे उभं राहायचंय, त्यानेच गरज सांगितली. अमेरिकेत याच्या उलट घडलं. २००६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेसाठी ‘एसबीआयनेट’ या पाळतीच्या यंत्रणेचं कंत्राट बोइंगला दिलं. सुरुवातीचा टप्पा उभारताना गस्तीवरच्या माणसांना फारसं विचारलंच नाही, हे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच नोंदवलं. सुमारे एक अब्ज डॉलर खर्चून ॲरिझोनातली जेमतेम ८५ किलोमीटर सीमा यंत्रणेखाली आली आणि २०११ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तुमच्या मुलाला एवढं जरूर सांगा : कॅमेऱ्याला धुक्यात दिसेनासं होत असेल, सेन्सर गुरांमुळे वाजत असेल, तर ते वरिष्ठांकडे लेखी कळवत जा. दिल्लीत बसलेल्या इंजिनीअरला ते दुसरं कुणी सांगू शकत नाही.

प्रश्न : जुना पासपोर्ट आहे, मुदत शिल्लक आहे. ई-पासपोर्ट लगेच काढावा लागेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. मुदत संपेपर्यंत जुनाच चालतो. नव्याच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला छोटं सोनेरी चिन्ह असतं, त्यावरून ओळखा. तो मिळाल्यावर पिन मारू नका, दुमडू नका.