पोरींचा कबड्डी संघ उभा करतेस, तर

गावात मुलींचा संघ काढतेस, ऐकून जीव सुखावला. वीस वर्षं यवतमाळकडच्या मैदानांवर खेळले, शिकवलं, म्हणून सांगते.

आधी पोरीच्या आईला भेट. बाप पारावर ‘पोरीच्या जातीले कबड्डी कायले पायजे?’ म्हणतो, पण घरातला नकार बहुतेक वेळा काळजीचा असतो: अंधार, रस्ता, लोकांच्या नजरा. म्हणून दिवस मावळायच्या आत सराव संपव, एकेकीला दारापर्यंत सोड. कापूस वेचणीत पोरी दिवसभर वावरात असतात. तेव्हा सराव पहाटे घे. माझा पहिला संघ वेचणीतच मोडला, ते अजून सलतं.

कपड्यांवरून भांडू नकोस. घरी चालेल ते घालू दे, आधी पाय मोकळे होऊ देत. पाळीत खेळायचं की नाही, हे ज्या पोरीचं तिनं ठरवावं. चक्कर येत असेल तर रक्त तपासून घे.

‘तुमचं मैदान लहान’ असं पोरं हिणवतील. हो, त्यांचं १३ बाय १० मीटर, आपलं १२ बाय ८. पण लहान मैदानात चढाई करणारीला निसटायला जागाही कमीच! आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, महिलांची २०१० साली, आणि त्याच वर्षी आपल्या बायकांनी सुवर्ण आणलं. हे पोरींना सांग, त्यांच्या भावांनाही.

आपली काळी माती भेगाळते. मैदान रोज पाणी मारून दाबून घे, खडे वेच.