वजन 105 किलो आणि पायात भरपूर जोर: रोड बाइकला टिकतील अशी चाकं कोणती घ्यावीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वजन 105 किलो, चढ आला की उभं राहून दणकून पॅडल मारायची सवय, सायकलसोबत आलेल्या 24 स्पोकच्या मागच्या चाकाचे वर्षभरात चार स्पोक तुटले, आणि आता मजबूत म्हणून कार्बनची चाकं घ्यावीत का?

माझा काटा 98 ते 110 च्या मधे झोके खात असतो, त्यामुळे हा त्रास मी पुरता भोगलाय. आधी सरळ उत्तर देतो. मागे 32 स्पोक, जमल्यास 36. पुढे 28 पुरतात. थ्री-क्रॉस बांधणी (प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडून जातो), डबल-बटेड म्हणजे टोकांना जाड आणि मधे बारीक स्पोक, पितळी निप्पल (रिमपाशी स्पोक घट्ट करणारं छोटं नट), 500 ग्रॅमच्या आसपासची ॲल्युमिनियम रिम. आणि हे सगळं हाताने, ताण मोजून बांधणारा माणूस. यात सगळ्यात महत्त्वाचा तो माणूस.

आता कारण. आपल्याला वाटतं की एवढं वजन पडलं, स्पोक ताणला गेला, म्हणून तुटला. प्रत्यक्षात उलटं होतं. आपण सीटवर बसलो की वरच्या स्पोकचा ताण जवळजवळ आहे तेवढाच राहतो, आणि जमिनीलगतच्या चार-पाच स्पोकचा ताण कमी होतो. रोड बाइकच्या चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर, म्हणजे किलोमीटरमागे प्रत्येक स्पोक पावणेपाचशे वेळा सैल-घट्ट होतो. हजार किलोमीटरला पावणेपाच लाख वेळा. वायर पुढे-मागे वाकवत राहिलं की ती जशी मोडते, तसा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळच्या, वाकात स्पोक थकतो आणि एक दिवस सपाट रस्त्यावर, काहीही न करता, टण्‌ करून जातो. मूळ ताण पुरेसा असेल आणि स्पोक कधीच पूर्ण सैल पडत नसेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो. सैल पडू लागला की वाक हलतो, निप्पल आपोआप फिरतं, चाक आउट होतं, म्हणजे डगमगत फिरतं.

मागच्या चाकाची अडचण आणखी वेगळी. कॅसेटला (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) जागा द्यायची म्हणून हबची उजवी बाजू आत सरकवलेली असते. परिणामी उजवीकडे 110-120 किलो ताण दिला तरी डावीकडे त्याच्या साधारण निम्म्याहून थोडा जास्तच मिळतो. भारी माणूस बसला की आधी सैल पडतात ते हे डावीकडचे. यावर असिमेट्रिक रिम हा उत्तम उपाय आहे. तिची स्पोकची भोकं मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला असतात, त्यामुळे डावीकडचा ताण बराच वाढतो. मागच्या चाकाला मिळत असेल तर हीच घ्या.

‘24 स्पोकच जास्त घट्ट करून घेतो’ असा विचार मीही केला होता. रिमला भोकांपाशी भेगा गेल्या.

तुमच्या जोराबद्दल. वॅटचे आकडे इथे फसवतात. 105 किलोचा माणूस 170 मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर पूर्ण भार टाकून उभा राहिला की सुमारे 175 न्यूटन-मीटर पीळ तयार होतो. पुढे 34, मागे 34 दात असतील तर तो सगळा हबवर पोहोचतो. पुढे 50 आणि मागे 17 असेल तर हबवर 60 च्या आतच. म्हणजे सपाटीवरच्या जोरदार स्प्रिंटपेक्षा कडक चढावर हळूहळू, लहान गिअरमध्ये, उभं राहून रेटणं हबला आणि स्पोकना जास्त जड जातं. (हँडल वर खेचत असाल तर आकडा आणखी वाढतो.) म्हणून मागे रेडियल बांधणी (स्पोक एकमेकांना न ओलांडता हबपासून सरळ रिमपर्यंत) नकोच, आणि हबच्या आतल्या भागांकडे लक्ष द्या. ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसतो तो भाग) कॅसेटच्या सुट्या चकत्या चर पाडतात, मग कॅसेट काढताना घाम फुटतो. स्टीलचा फ्रीहब थोडा जड, पण आपल्यासारख्यांना तोच बरा. डीटी स्विस 350 सारख्या हबमध्ये दोन-चार खिट्ट्यांऐवजी दातांची अख्खी चकतीच एकदम अडकते. ही रचना जोर चांगला सोसते.

स्पोकच्या जाडीबाबत बरेच मिस्त्री ‘वजन जास्त, मग सरसकट जाड घाला’ म्हणतात. पटण्यासारखं वाटतं, पण चूक आहे. डबल-बटेड स्पोक टोकांना 2.0 आणि मधे 1.8 मिलिमीटरचा असतो. मधला बारीक भाग तेवढ्याच ताणाला जास्त लांबतो, त्यामुळे खड्ड्यात रिम दबली तरी तो लगेच सैल पडत नाही, आणि वाकावरचा त्रास कमी होतो. सापिम रेस किंवा डीटी स्विस कॉम्पिटिशन, कोणतेही चालतील. उजवीकडे अजून भक्कम हवे असतील तर वाकाशी 2.2-2.3 मिलिमीटरच्या घरात जाड असलेले सापिम फोर्स किंवा डीटी स्विस अल्पाइन थ्री घालता येतात, फक्त हबच्या भोकात बसतात का ते आधी बघा.

कार्बन रिम मुळात कमकुवत नसते, उलट चांगली कडक असते. अडचण ती ज्या रूपात विकली जाते त्यात आहे: बहुतेक वेळा 20 किंवा 24 स्पोकवर. एक स्पोक गेला की चाक फ्रेमला घासतं आणि सायकल खांद्यावर येते; 36 मधला एक गेला तर ब्रेक थोडा मोकळा करून घरी पोहोचता येतं. शिवाय बऱ्याच कार्बन रिम हुकलेस असतात, म्हणजे टायर धरणारी आतली कड नसलेल्या; अशा रिमला 5 बारपेक्षा जास्त हवा चालत नाही, आणि आपल्या वजनाला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये तेवढी हवा अपुरी पडू शकते. तुमच्या सायकलला रिम ब्रेक असतील तर कार्बन विसरा. 120 किलोचा एकूण भार 500 मीटर उंचीवरून खाली आणताना जवळपास 590 किलोज्यूल ऊर्जा निघते, त्यातली बरीचशी ब्रेक धरल्यावर रिममध्येच उष्णता होऊन जाते. डिस्क ब्रेक असतील आणि 28-32 स्पोकवर बांधून मिळत असेल तर हरकत नाही.

कोणतंही तयार चाक घेताना वजनमर्यादा वाचा. ती बहुधा एकूण भाराची असते. तुम्ही 105, सायकल 9, पाणी आणि पिशवी 3, झाले 117. रेसिंगच्या बऱ्याच चाकांची मर्यादा 110 ते 120 मध्येच संपते.

टायर 28 च्या खाली नको, फ्रेममध्ये मावला तर 32. स्पोकना बसणारे बरेचसे धक्के तिथेच मरतात.

चाक हातात आलं की एका बाजूचे स्पोक सतारीसारखे छेडून बघा. एकाच बाजूच्या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. यंत्रावर बांधलेलं माझं एक चाक दिसायला अगदी सरळ होतं, पण डावीकडे तीन स्पोक नुसते खडखडत होते. चाक सरळ असणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधणाऱ्याने शेवटी शेजारच्या स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबल्या का, तेही विचारा; नाहीतर ते काम पहिल्या काही किलोमीटरमध्ये तुमचं वजन करतं आणि चाक आउट होतं. दीड-दोनशे किलोमीटर झाले की एकदा परत दाखवून आणा.

जुन्या चाकात पाचवा स्पोक घालत बसू नका. बाकीचेही तेवढेच थकलेले आहेत, आणि 24 भोकांच्या हबवर 32 ची रिम बसत नाही, त्यामुळे ते वाचवण्यात अर्थ नाही. पुढचं चाक मात्र त्रास देत नसेल तर सध्या तेच राहू द्या. त्यावर भार कमी येतो आणि पॅडलचा पीळ येतच नाही. सगळे पैसे मागच्या चाकावर घाला. बांधून घेताना डाव्या आणि उजव्या स्पोकची लांबी लिहून घ्या, सहसा एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, आणि दोन्हीकडचे दोन-दोन जादा स्पोक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) टेपने चिकटवून ठेवा.