समुपदेशकाला आधी तुम्ही प्रश्न विचारा

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची आहे. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात चेकिंगचं काम करते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत अचानक छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. आता मी मरते असंच वाटलं. त्यानंतर असं बऱ्याचदा झालं. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, समुपदेशन घ्या. सासूबाई म्हणतात, "येड्याच्या डॉक्टरकडं कशाला जायचं? सिद्धरामेश्वराला नवस बोल की." आता मला रिक्षात बसायचीसुद्धा भीती वाटते. चार समजुतीच्या गोष्टी ऐकायला पैसे का घालवायचे? तिथं नेमकं काय करतात? गोळ्या लागल्या तर त्या सुटतात का? आणि माझं बोलणं बाहेर तर जाणार नाही ना?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणं पॅनिक अटॅकची वाटतात आणि त्यावर चांगला उपाय आहे, हे आधी सांगते. हृदयाच्या तपासण्या केल्यात ते उत्तम केलंत. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पाहिलं नसेल तर तेही पाहून घ्या. थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते.

धोका जाणवला की शरीर पळायची तयारी करतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. अशा श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की "आता काहीतरी होणार" असं वाटतं, त्या भीतीनं धडधड आणखी वाढते. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. पण तो परत येईल या धास्तीनं माणूस एकेक जागा सोडत जातो. तुमची जत्रा सुटली, आता रिक्षा सुटायला लागली आहे. म्हणून उशीर करू नका.

कोणाकडे जायचं, तेही सांगते. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, गोळ्या तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत, ते मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एम.ए. केलेले असतात. पाटीवर काहीही लिहिता येतं, म्हणून पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा : तुमचं शिक्षण काय? माझ्यासारखा त्रास असलेल्यांसोबत काम केलंय का? कुठल्या पद्धतीनं करणार, साधारण किती भेटी लागतील, फी किती? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पैशांची अडचण असेल तर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. रांग मोठी असते, कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढूनच जा.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची असते आणि त्यातला बराच वेळ प्रश्नांत जातो. त्रास कधी सुरू झाला, झोप कशी आहे, घरात कोणाला असं होतं का, चहा किती पिता, तंबाखू-मिश्री आहे का, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, दचकू नका. रडू आलं तर येऊ द्या. सगळं एकाच दिवशी सांगायची सक्ती नसते.

पुढचं काम तुमच्या हातचं आहे. तुमच्या त्रासासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, चांगली लागू पडते. अमेरिकेत १९६०च्या दशकात एरन बेक यांनी ती मांडली. माझ्याकडे येणाऱ्यांना मी शंभर पानी वही आणायला सांगते. पानावर तीन रकाने : काय घडलं, मनात काय आलं, पुढे खरंच काय झालं. रकाने भरत गेले की "मी मरणार" हे वाक्य किती वेळा आलं आणि किती वेळा खोटं ठरलं, ते तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर असतं. मग मी जागेवरच मिनिटभर पळायला लावते. धडधड वाढते, घाम येतो. त्या धडधडीत आम्ही दोघी तशाच बसून राहतो, ती आपोआप उतरेपर्यंत. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला कळायचं तर ते असं अनुभवातूनच कळतं. (दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.) त्यानंतर रिक्षा : आधी मैत्रिणीसोबत एका चौकापर्यंत, मग कारखान्यापर्यंत, मग एकटीनं. दर आठवड्याला एक भेट धरली तर तीन-चार महिने लागू शकतात. सहा-सात भेटींनंतरही काहीच फरक नसेल तर तसं स्पष्ट बोला. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती १९५५ची. आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीतून रुजवली. "असं झालंच पाहिजे" या हट्टी विचारांवर ती काम करते. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं यावर त्या गोष्टीला सामोरं जाऊन कृती रोखायचा सराव असतो. अपघात किंवा अत्याचाराच्या आठवणी पिच्छा सोडत नसतील तर ईएमडीआर, म्हणजे ती आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीनं हलवायला लावणारी पद्धत. भांडण घरभर पसरलेलं असेल तर सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवतात.

गोळ्यांचं म्हणाल तर सगळ्यांनाच त्या लागत नाहीत. घबराटीवर सहसा ज्या नैराश्यविरोधी गोळ्या देतात त्यांचं व्यसन लागत नाही, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. ताबडतोब शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणू नका, ही कळकळीची विनंती.

तुमचं बोलणं गुप्त ठेवणं हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमचा हक्क आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद होतो. नवरा किंवा सासूबाई फोन करून चौकशी करतील, तर तुमची परवानगी असल्याशिवाय उत्तर मिळता कामा नये. आणि सासूबाईंचा नवस? त्यांना जरूर बोलू द्या. तुमच्या काळजीपोटीच म्हणतायत त्या. दोन्ही एकदम चालतं.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. लातूरहून नीटचा क्लास अर्धवट सोडून आलाय. दिवसभर दार लावून असतो, जेवायला बाहेर येत नाही. समुपदेशक म्हटलं की अंगावर येतो. फसवून नेऊ का?
– एक वडील, विजापूर रोड

उत्तर : फसवून अजिबात नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढचं सगळं अवघड होतं. आधी तुम्ही दोघं नवरा-बायको समुपदेशकाकडे जा, मुलाशिवायही ती भेट होते. घरात काय बोलायचं, काय थांबवायचं हे तिथं ठरवता येतं. तोवर मार्कांचा आणि क्लासच्या फीचा विषय पूर्ण बंद ठेवा. १४४१६ हा मानसिक त्रासात फोनवर मदत देणारा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तो लिहून त्याच्या टेबलावर ठेवा. समोरासमोर येणार नाही, पण रात्री फोन करेल अशी शक्यता असते.

आणि त्याला सरळ विचारा : "जगणं नको असं वाटतं का रे?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिव्हिलच्या अपघात विभागात घेऊन जा.