बोटीसाठी मोडायची ती ‘एफडी’ नाहीच

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वाचकांनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे. त्यांचे वय ५७, पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी, निवृत्तीला तीन वर्षे बाकी. पत्नी सरकारी शाळेतून निवृत्त झाल्या असून त्यांना महिन्याला २८,००० रुपये पेन्शन मिळते. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. घराचे कर्ज फिटलेले, भविष्यनिर्वाह निधीत ४२ लाख, घरखर्च महिना ५५,००० रुपये. त्यांना पहिली पोंटून बोट, म्हणजे अॅल्युमिनियमच्या हवाबंद नळ्यांवर सपाट डेक बसवलेली बोट, घ्यायची आहे. विक्रेत्याने २० फुटी बोटीची किंमत दोन नळ्यांसाठी १४ लाख आणि तीन नळ्यांसाठी १८ लाख अशी ‘कर वगळून’ सांगितली असून ‘चौदा माणसे आरामात बसतील’ असा भरवसाही दिला आहे. बोट इंदूरच्या यशवंतसागर जलाशयावर ठेवून शनिवार-रविवारी भाड्याने दिली, तर महिन्याला २५,००० सुटतील अशी त्यांची अपेक्षा आहे. प्रश्न एवढाच, की नळ्या दोन घ्याव्यात की तीन.

पैसे कोठून येणार, याविषयी पत्रात एकच वाक्य आहे: “जुलै २०२३ पासून बँकेत दरवर्षी चार लाखांची एफडी करतो आहे, तीन हप्ते झाले, ते बारा लाख मोडीन आणि उरलेले पीएफमधून काढीन.” मुदत ठेवीला हप्ते नसतात. म्हणून मी कागदाची छायाचित्रे मागवली, आणि जे वाटले होते तेच निघाले. ती ठेव नव्हे, बँकेच्या काउंटरवरून विकलेली आयुर्विम्याची ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसी आहे. दहा वर्षे दरसाल ४ लाख भरायचे आणि २०३५ पासून दहा वर्षे दरसाल ७ लाख घ्यायचे. विमा रक्कम ४० लाख. चौपन्नाव्या वर्षी, निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना, दहा हप्त्यांची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने अखेरचे चार हप्ते कोणत्या पगारातून भरले जातील हे विचारण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. तुम्हाला सांगितले गेले ते “चाळीस भरा, सत्तर घ्या, पाऊणपट फायदा” इतकेच. चाळीस लाख ज्या वर्षांत जातात आणि सत्तर लाख ज्या वर्षांत येतात त्यांच्यात सरासरी बारा वर्षांचे अंतर आहे, हे धरले की परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. पोस्टातल्या साध्या योजनांनीही याहून बरे दिले असते. पॉलिसीची एकच जमेची बाजू म्हणजे १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींना लागू असलेल्या वार्षिक पाच लाखांच्या प्रीमियम-मर्यादेच्या आत ती बसते आणि विमा रक्कमही प्रीमियमच्या दहापट आहे, त्यामुळे मिळणारी रक्कम करमुक्त राहील.

तेव्हा बारा लाख हाती आहेत ही समजूत आधी सोडावी लागेल. तिसऱ्या पॉलिसी-वर्षात अशा पॉलिसीचे किमान हमी सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी ती मोडल्यास मिळणारी रक्कम, भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख २० हजार होते. कंपनीचे विशेष सरेंडर मूल्य याहून अधिक असू शकते. तो आकडा लेखी मागवावा. आता तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा हिशेब येथून पुढे मांडायचा आहे, कारण गेलेले पैसे कोणत्याही वाटेने परत येणार नाहीत.

सरेंडर केल्यास ४.२ लाख मिळून विषय संपतो. पॉलिसी ‘पेड-अप’ केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद केले, तर दहापैकी तीन हप्ते भरल्याने लाभही साधारण तीन दशांश होतात: २०३५ पासून दरसाल २ लाख १० हजार, एकूण २१ लाख. आज ४.२ लाखांवर पाणी सोडून पुढे २१ लाख घ्यायचे, हा व्यवहार वर्षाला बारा टक्क्यांच्या जवळ जातो. पॉलिसी चांगली आहे असा याचा अर्थ नव्हे. सरेंडर मूल्य अत्यंत वाईट आहे, म्हणून हा आकडा बरा दिसतो. तिसरी वाट म्हणजे उरलेले सात हप्ते भरणे. त्या २८ लाखांवर जास्तीचे ४९ लाख मिळतात, म्हणजे साडेपाच टक्के, आणि त्यातही निवृत्तीनंतरचे हप्ते डोक्यावर. माझे मत पेड-अपकडे आहे. कंपनीने लेखी सरेंडर मूल्य साडेसात लाखांच्या वर दिले, तरच फेरविचार करावा. पेड-अपचा नेमका नियम तुमच्या पॉलिसीच्या दस्तऐवजात तपासून घ्या, कारण काही योजनांत लाभ प्रमाणापेक्षा अधिक कापले जातात.

बँकेतून एक युक्तिवाद हमखास येईल: “चौथा हप्ता भरा, मग सरेंडर मूल्य पन्नास टक्के होते.” बरोबर आहे, ४.२ चे ८ लाख होतात. पण त्या वाढलेल्या ३.८ लाखांत तुमचे नवे ४ लाख आहेत. तो लाभ नव्हे, तुमचाच हप्ता वीस हजार कापून परत मिळणे आहे. पेड-अप केल्यावर विमा संरक्षणही ४० लाखांवरून साधारण १२ लाखांवर येते, हे मान्य. पण पत्नीला स्वतःची पेन्शन आहे, मुलगी कमावती आहे आणि कर्ज नाही, त्यामुळे त्याची मला फारशी चिंता वाटत नाही.

आता हप्ते बंद केल्यावर दरसाल वाचणारे चार लाख कशाला हवेत ते पाहू. तुमचा आजचा वार्षिक खर्च ६.६ लाख, महागाई सहा टक्के धरली, तर निवृत्तीच्या वर्षी तो आठ लाखांच्या आसपास असेल. पत्नीची पेन्शन सुमारे ३.४ लाख. भविष्यनिर्वाह निधी तोवर साठ लाखांपर्यंत जाईल, आणि त्यातून वर्षाला चार टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या आत काढले तर तो टिकेल. तूट उरते सुमारे दोन लाखांची. निवृत्तीपूर्वी वाचणारे तीन हप्ते, म्हणजे १२ लाख आणि त्यावरचे व्याज, २०३५ पर्यंतची ही तूट बहुतेक भरून काढतात, आणि तेथून पेड-अप पॉलिसीचे २.१ लाख सुरू होतात. महागाईमुळे तूट दरवर्षी थोडी वाढेल, तेव्हा या हिशेबात ऐषआरामाला जागा नाही. उलट पीएफमधून बोटीसाठी वीस लाख काढले, तर वार्षिक अडीच लाखांचे दीड लाख होतात आणि सगळे गणित कोलमडते.

पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे: तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता आणि आरोग्यविमा फक्त कंपनीचा सामूहिक आहे. तो नोकरीबरोबर संपेल. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता कमाल तीन वर्षांचा आहे, आणि तुमच्या निवृत्तीलाही तीनच वर्षे आहेत. दोघांसाठी स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात घेतली, तर ज्या दिवशी सामूहिक विमा सुटेल त्या सुमारास नवीन विम्यात रक्तदाबही अंतर्भूत झालेला असेल. निवृत्तीनंतर घेतली, तर ती तीन वर्षे उघड्यावर काढावी लागतील. अर्जात गोळीचा उल्लेख अवश्य करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या प्रीमियमवर जीएसटी शून्य झाला आहे, आणि त्याच दिवसापासून मौजेच्या बोटींवर तो ४० टक्के झाला आहे. विक्रेत्याच्या ‘कर वगळून’ या दोन शब्दांत काय दडले आहे ते यावरून लक्षात येईल: १४ चे १९.६ लाख आणि १८ चे २५.२ लाख. ट्रेलर, धक्क्यावरची जागा आणि रखवालदार त्याखेरीज.

भाड्याच्या उत्पन्नाविषयी बोलायचे तर यशवंतसागर हा इंदूरला पिण्याचे पाणी पुरवणारा जलाशय आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, आहे. भोपाळच्या मोठ्या तलावाचेही स्वरूप असेच आहे. तेथील क्रूझ आणि मोटारबोटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद करायला लावल्या. अशा पाण्यावर खासगी इंजिनबोटीच्या भाड्याचा धंदा गृहीत धरणे म्हणजे बाजारात तुरी. नर्मदेवरच्या इंदिरासागर जलाशयात हनुवंतियाला बोटी चालतात. पण ते इंदूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि यांत्रिक नौकेची नोंदणी, सर्वेक्षण व विमा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने आवश्यक आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले आणि वर्षाला तीस फेऱ्या चार-चार हजारांनी मिळाल्या असे उदार मनाने धरले, तरी जमा १.२ लाख होते. साठ अश्वशक्तीचे इंजिन तासाला दहा लिटर पेट्रोल सहज पिते, आणि चार तासांच्या फेरीला तेच भाडे खाऊन टाकते. तुमच्या तीन लाखांतले उरते ते उणे.

नळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर चौदा माणसांच्या आश्वासनातच आहे. २५ इंच व्यासाची आणि सहा मीटर लांबीची एक नळी पूर्ण बुडाली, तर सुमारे १,९०० किलो पाणी बाजूला सारते. पूर्ण भारातही नळी निम्म्याहून जास्त बुडू नये हा सावध ठोकताळा धरला, तर दोन नळ्या मिळून १,९०० किलो पेलतात. त्यातून बोटीचे स्वतःचे ९०० आणि इंजिन, पेट्रोल, बॅटरीचे २०० किलो गेले की उरतात ८००. पंचाहत्तर किलोंची दहा माणसे आणि थोडे सामान, एवढेच. चौदा माणसे १,०५० किलोंची होतात. त्यांना तिसरी नळी लागते. माणसे रेलिंगच्या एकाच बाजूला सरकली की हिशेब आणखी बिघडतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. तीत क्षमतेहून जास्त जण होते आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. भाड्याने बोट देणाऱ्या मालकावर ही जबाबदारी येते, आणि ती तुमच्या घरापर्यंत पोहोचू शकते.

कुटुंबातल्या सहा-आठ जणांसाठी दोन नळ्या पुरतात. तिसरी नळी मुख्यतः जास्त भार, जास्त अश्वशक्ती आणि लाटांवरचा स्थिरपणा यासाठी असते. पोंटून बोटी मुळात शांत सरोवरांसाठी घडल्या आहेत, आणि ९०० चौरस किलोमीटरहून मोठ्या इंदिरासागरावर वारा सुटला की पाणी सरोवरासारखे वागत नाही. उद्या कधी बोट पाहायला गेलात, तर सोफे, छत आणि म्युझिक सिस्टीम यांच्याकडे पाठ करून खाली वाकावे. नळीच्या आत पडदे घालून वेगवेगळे हवाबंद कप्पे केले आहेत का, म्हणजे एका जागी भोक पडले तरी सगळी नळी भरणार नाही, हे विचारावे. पत्रा सागरी दर्जाच्या ५०५२ अॅल्युमिनियमचा आणि अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असावा. डेकखालच्या आडव्या पट्ट्या पूर्ण रुंदीभर आणि दाट असाव्यात. अॅल्युमिनियमला साध्या लोखंडी बोल्टने जोडलेले दिसले, तर तेथे गंज लवकर धरेल असे समजावे. डेक प्लायवुडचा असल्यास तो सागरी प्लाय आहे का आणि कापलेल्या कडा सील केल्या आहेत का, ते बोटाने चाचपून पाहावे. पुढचे फाटक बंद केल्याशिवाय कोणालाही त्यापुढे बसू देऊ नये, कारण तेथून पडलेला माणूस थेट पंख्याखाली जातो.

यंदा मात्र बोट घेऊ नये. हनुवंतियाला भाड्याची बोट घेऊन वर्षाकाठी चार-पाच वेळा जा. हौस तीस-चाळीस हजारांत भागेल आणि लाटांवर दोन नळ्यांची बोट कशी वागते तेही कळेल. त्याआधी विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल पाठवून सरेंडर मूल्य आणि पेड-अप लाभ या दोन्हींचे आकडे लेखी मागवा; जुलैचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाऊ नये म्हणून बँकेतला मॅन्डेट रद्द करा. एफडी म्हणून पॉलिसी विकल्याची तक्रारही त्याच ईमेलमध्ये जोडा. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर मध्य प्रदेशासाठीचे विमा लोकपाल भोपाळला आहेत, आणि तेथे तक्रारीला शुल्क नाही.