वहिनींच्या रोजच्या गाडीसाठी

भाऊ, वहिनींसाठी होंडा सिटी, स्कोडा स्लाव्हिया की फोक्सवॅगन व्हर्टस, असा प्रश्न असेल तर आधी वहिनींना चालवू द्या, मग किंमत विचारा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. सीटची उंची त्यांच्या मापानं लावून बघा. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या बायपासवर नको, संध्याकाळी संभाजीनगरच्या जालना रोडवर, गर्दीतच घ्या. तिथं होंडा सिटीचं १.५ लिटरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढतं. स्लाव्हिया, व्हर्टसचं १.० लिटरचं टर्बो इंजिन मला हायवेवर फार आवडतं, पण कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) गिअर उतरवावाच लागतो. रस्त्यात गतिरोधक आणि खड्डे रोजचे असतील तर या दोघींचा १७९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतलं अंतर) मोठा आधार. एसी मात्र भर दुपारी, गाडी तासभर उन्हात उभी करूनच तपासा.