टॉरेंटला जाहिराती नसलेलं फुकटचं सॉफ्टवेअर कुठलं?

सरळ क्यूबिटटॉरेंट टाक भावा. २००६ पासून चालू आहे, ओपन सोर्स आहे, एक पण जाहिरात नाही, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं, फक्त त्यांच्या ऑफिशियल साइटवरूनच घे, गुगलवर नकली पानं लई असतात.

मी सोलापुरात जुळे सोलापूरला राहतो, उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, परवा उबंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) पाच जीबीच्या वरची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, ८७ टक्क्याला आली आणि लाईट गेली, पीसी परत चालू केला तर तिथूनच पुढं सुरू, कारण टॉरेंटमधी फाइल दुसऱ्या लोकांच्या पीसीवरून तुकड्या-तुकड्याने येते आणि प्रत्येक तुकडा हॅशने, म्हणजे त्याच्या ठशासारख्या कोडने, तपासूनच घेतला जातो, शंका आली तर राइट क्लिक करून फोर्स रीचेक मार, खराब तुकडा तेवढाच परत येतो. ब्राउझरमधी असंच झालं की बऱ्याचदा पहिल्यापासून बसावं लागतं.

घरचं वायफाय जाम होत असेल तर अपलोड लिमिट लाव, पण शून्यासारखं करू नको, आपल्याला कोणीतरी दिलं म्हणून मिळालं ना, मग रेशो १ होईपर्यंत, म्हणजे घेतलं तेवढं परत देईपर्यंत तरी सीड कर, म्हणजे फाइल दुसऱ्यांना देत राहा. जुना दोन जीबी रॅमचा पीसी असेल तर ट्रान्समिशन हे दुसरं टॉरेंट सॉफ्टवेअर बघ, अजून हलकं आहे. आणि नवीन पिक्चर उतरवायला विचारत असशील तर ते नको, ती चोरीच आहे.