ओटा बदलताना सिंक दुसऱ्या भिंतीला नेलं; आता गुडगुड आवाज आणि वास येतो. व्हेंट (निचऱ्याच्या पाइपला हवा देणारा पाइप) लागेल का?
हो, लागेल. पाणी वेगाने उतरताना मागे पोकळी तयार होते आणि ती ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखाली पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं, पाणी ओढून नेते. वास अडवायला तेवढंच पाणी असतं, जेमतेम 50 मिमी.

पाइप 50 मिमीचा घ्या, उतार मीटरला 25 मिमी, आणि ट्रॅपपासून व्हेंट दीड मीटरच्या आत ठेवा. या उताराने दोन मीटरवर पाइप स्वतःच्या व्यासाइतका खाली जातो. तिथे व्हेंटचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली येतं आणि हवा पोचत नाही. म्हणून जास्त उतार म्हणजे चांगला निचरा, हा समज सोडा.

फ्लॅटमध्ये पाइप गच्चीपर्यंत नेता येत नसेल तर एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह (पाइपमध्ये हवा आत घेणारी झडप) बसवा: आडव्या पाइपच्या किमान 100 मिमी वर, अगदी उभा. तो टाइलमागे बुजवू नका, प्लीज! आतलं रबर खराब झालं की बदलावा लागतो.

सिंकखाली बॉटल ट्रॅप असेल तर तोच पाइप पुढे नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये) बुडवू नका. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते, आणि हा व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही.